परतीच्या फॉर्मवरचा पाचवा पर्याय

रकानेभाऊ आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना वस्तू न्यायला आलेला माणूस समजले आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, कॉट पाहिजे की खुर्ची. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि अगदी नम्रपणे सांगितलं की टेबल मिळालं तरी चालेल, ते कॉम्प्युटरच्या कामाला आले आहेत. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणार.

आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या आणि मागे गोदाम. आजारी माणसाला घरी लागतील अशा वस्तू आम्ही वापरायला देतो. वर-खाली होणाऱ्या कॉट, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या. काम झालं की लोक परत आणून देतात आणि वस्तू पुढच्या घरी जाते. पुढच्या खोलीत खिडकी आणि खिडकीमागे मी. मधल्या खोलीत हिशेबवाल्या ताई. आतल्या खोलीत अध्यक्ष. आणि गोदामात गोदाममामा, ज्यांच्या कमरेला इतक्या किल्ल्या लटकलेल्या असतात की ते येण्याआधी त्यांचा आवाज येतो. हे सगळं अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून सुरू केलं होतं. त्यांच्या आईच्या आजारपणात कुठेच कॉट मिळेना म्हणून त्यांनी एक विकत घेतली, आणि आईनंतर तीच कॉट आमच्याकडे पहिल्या क्रमांकाची म्हणून आली. अजून चालते, फक्त वर करताना कुरकुरते.

रकानेभाऊ हे नाव मी ठेवलं. या माणसाला जगात जे दिसेल ते रकान्यांत घालायची खोड. जेवणाच्या डब्यातसुद्धा भाजी कधी पोळीला लागायची नाही. एकदा पाऊस येईल का असं विचारलं, तर म्हणाले, "कधीपासून कधीपर्यंतचं विचारताय, काकू?" आधी ते एका पंख्यांच्या दुकानात साठ्याची नोंद ठेवायचे. दुकान बंद पडलं आणि ते तात्पुरते म्हणून आमच्याकडे आले.

पहिले काही आठवडे त्यांनी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नाही. कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन ते माझ्या बाजूच्या स्टुलावर बसायचे आणि मला भंडावून सोडायचे. एका माणसाकडे दोन वस्तू असू शकतात का? असू शकतात. एक वस्तू एकाच वेळी दोन माणसांकडे असू शकते का? मी म्हटलं, का नाही, मागच्या गल्लीतले आजी-आजोबा एकच वॉकर आळीपाळीने वापरतात. त्यांची पेन्सिल हवेतच थांबली. मग त्यांनी अख्खा कागद खोडला आणि पुन्हा पहिल्यापासून चौकोन काढायला घेतले. मला वाईट वाटलं, पण थोडी मजाही वाटली.

मग एके दिवशी डेटाबेस तयार झाला आणि माझी जाडजूड वही कपाटावर गेली. आता वस्तू देताना एक फॉर्म, वस्तू परत घेताना दुसरा. ज्या चौकोनापुढे लाल चांदणी, तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचा नाही. मी किती वेळा दटावून बघितलं, पण तो रकानेभाऊंचाच फॉर्म, ऐकतो कशाला. हव्या त्या नोंदी शोधून देणाऱ्या क्वेरीला ते चाळणी म्हणायचे. कोणाकडे काय आहे याची एक चाळणी, कोणाची मुदत उलटली त्याची दुसरी. बटण दाबलं की हवं तेवढं खाली. पूर्वी एक कॉट कुठे आहे ते शोधायला मी आणि गोदाममामा भांडत अर्धा दिवस घालवायचो. ते भांडण बंद झालं याचं मामांना फार वाईट वाटलं.

फाईल एकच आणि ती सगळ्या खोल्यांतून उघडायची, त्यामुळे एक नवीनच प्रकार सुरू झाला. मी एखादी नोंद उघडून चहाला गेले की बाकीच्यांच्या पडद्यावर यायचं, ही नोंद दुसरं कोणीतरी वापरत आहे, आणि त्यांना तिच्यात काही बदलता यायचं नाही. मग रकानेभाऊ खोल्याखोल्यांतून हिंडत विचारायचे, "हवेची गादी कोणी उघडून ठेवली आहे?" बाहेर बसलेले लोक घाबरून एकमेकांकडे बघायचे. दहातल्या नऊ वेळा गुन्हेगार मीच असायचे. तरी एकदाही ते मला रागावले नाहीत. नुसते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट.

आता परतीच्या फॉर्मबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच झालं.

आमच्या खिडकीवर एक रीत होती. वस्तू परत घेऊन आलेल्या माणसाला का परत करता असं आम्ही विचारत नसू. येणारा म्हणायचा, "आता लागत नाही." मी म्हणायचे, ठेवा तिथे, पाणी घ्या. वहीत नावाखाली एक रेघ मारली की झालं. कळायचं सगळं. आजारी माणूस बरा झाला असेल तर घरचे खुर्ची ढकलत, चाकं वाजवत, बडबड करत आणतात. आणि दुसरे असतात, ते खुर्चीची घडी करून ती उचलून आणतात. असं का, ते मला सांगता येणार नाही, पण इतकी वर्षं हेच बघत आले आहे.

रकानेभाऊंना मात्र परतीचं कारण हवं होतं. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून विचारलं, वस्तू कोणकोणत्या कारणाने परत येतात. मी म्हटलं, माणूस बरा होतो. ताई म्हणाल्या, मुदत संपते. मामा म्हणाले, बिघडते. कोणीतरी म्हणालं, दुसरीकडून चांगली मिळते. तेवढ्यात चहा आला, आम्ही चहा प्यायलो. जे कारण सर्वांत जास्त वेळा असतं ते एकाच्याही तोंडून निघालं नाही, आणि रकानेभाऊंनी चार पर्याय लिहून घेतले. पंख्यांच्या दुकानातून आलेला माणूस, त्यांना पाचवं सुचलं नाही यात त्यांचा दोष तरी काय म्हणायचा? पंखा बिघडतो नाहीतर आवडत नाही, तिसरं काय होणार?

चांदणी तर कारणापुढेही होती. मग खिडकीसमोर घडी केलेली खुर्ची धरून एखादा माणूस उभा असताना मी काय निवडावं? पडदा त्यालाही दिसतो. 'मुदत संपली' निवडू? माझा हात तसं करायला धजला नाही. यादीत सर्वांत वर 'बरे झाले' होतं, मी तेच निवडत गेले. मामांनीही तेच केलं, ताईंनीही तेच. आम्ही आपापसात कधी बोललो नाही, तरी एकाच शाळेत शिकल्यासारखं तिघांनी एकच केलं.

असं वर्ष सरत आलं. वार्षिक सभेत रकानेभाऊंना कायम करायचं असं अध्यक्षांनी तोंडी कबूल केलं होतं. यात त्यांचं किती अडकलं होतं ते मला त्यांच्या बायकोकडून कळलं. ती एकदा त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती. नवरा, ती आणि मुलगी असे तिघे थोरल्या दिरांच्या घरात एका खोलीत राहत होते. तिचं शिवणयंत्र जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात दाराआड, म्हणजे जाऊबाईंचा स्वयंपाक आटोपेल तेव्हा हिचं शिवण सुरू. तिने दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं, पण घरमालकीण कायम नोकरीचा कागद दाखवल्याशिवाय घर द्यायला तयार नव्हती. सभेपर्यंत थांबते म्हणाली होती. "काकू, त्या घरात यंत्र खिडकीशी बसतं," एवढंच ती मला म्हणाली. मी तिला सांगितलं, काळजी करू नको, तुझ्या नवऱ्याशिवाय आमची आता एक कुबडीसुद्धा हलत नाही.

सभेच्या आधी अध्यक्षांनी वर्षभरात किती माणसं बरी झाली याचा आकडा मागितला. रकानेभाऊंनी चाळणी लावली. आकडा बघून अध्यक्ष आतल्या खोलीतून स्वतः उठून बाहेर आले. इतका मोठा आकडा कोणाला अपेक्षित नव्हता. नव्या कॉटसाठी देणगीदारांपुढे जायचं होतं, त्यांना दाखवायला याहून चांगलं काय असणार. त्यांनी लगेच तो अहवालात टाकला आणि रकानेभाऊंना म्हणाले की यातल्या काही जणांना फोन करा, तब्येत विचारा, सभेला येऊन दोन शब्द बोलतील का बघा.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण शब्द जुळेपर्यंत रकानेभाऊंनी माझ्याच टेबलावरचा फोन उचलून यादीतलं पहिलं नाव लावलंसुद्धा. ते नाव मला ओळखीचं होतं. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका. बायकोसाठी चाकाची खुर्ची नेली होती. मी फोनच्या इतकी जवळ होते की पलीकडचं मला ऐकू येत होतं.

रकानेभाऊंनी आपली ओळख सांगितली आणि विचारलं, "काकूंची तब्येत आता कशी आहे? आमच्याकडे त्या बऱ्या झाल्याची नोंद आहे, म्हणून फोन केला."

मग काका म्हणाले, "तुमच्याकडे तशी नोंद आहे का?"

"हो."

"मग असू दे," काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

रकानेभाऊ रिसीव्हर हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं. तेवढ्यावरून त्यांना कळलं. ते मला एकही वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त यादी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, काकू, यातली खरी बरी झालेली कोणती तेवढं सांगा. मला सगळी आठवत होती. मामांना बोलावलं, ताईंना बोलावलं, त्यांनाही आपापली आठवत होती. ढकलत आणलेल्या खुर्च्या आणि उचलून आणलेल्या खुर्च्या आम्ही वेगळ्या करत गेलो. यादी संपली तेव्हा बरे झालेले अर्ध्याहूनही कमी उरले होते. माझा राग मात्र फॉर्मवरच निघाला. मी त्यांना सुनावलं की तुमच्या त्या चांदणीने आम्हाला खोटं बोलायला लावलं, माझ्या वहीतली रेघ कधी खोटं बोलली नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे." भांडायला आलेल्या माणसाला हे उत्तर फार जड जातं.

आता पाचवा पर्याय घालायचा हे ठरलं, पण त्यात लिहायचं काय? 'मृत्यू' म्हटलं की ताई कानावर हात ठेवायच्या. 'निधन' म्हणजे वर्तमानपत्रातली चौकट. 'वारले' लिहायचं तर ते वस्तूला कसं लागणार? रकानेभाऊ तो चौकोन रिकामा ठेवून बसून राहिले. मी त्यांना असं हात बांधून बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

आणि दोन दिवसांनी पोस्टातले काका स्वतः आले. खुर्चीची पाठीची उशी घरी राहून गेली होती ती त्यांनी खिडकीवर ठेवली. फोन कोणी केला होता, असं विचारलं. रकानेभाऊ उठून उभे राहिले आणि माफी मागायला लागले. काकांनी हाताने थांबवलं.

"मी असू दे म्हणालो खरा," काका म्हणाले. "एक दिवस बरंही वाटलं. कुठेतरी ती बरी झालेली आहे. पण तसं नको. ती बरी झाली असती तर मी खुर्ची ढकलत आणली असती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला लपवता आलं नाही आणि लपवायचंही नव्हतं. रकानेभाऊंनी त्यांना बसवलं, आणि मग त्यांनी जे विचारलं ते विचारायला मला या खिडकीवर इतकी वर्षं धीर झाला नव्हता. "काका, तिथे काय लिहू?"

काकांनी उशीवरून हात फिरवला. "शेवटपर्यंत वापरली, असं लिहा," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशीही ती त्याच खुर्चीत बसून रस्ता बघत होती. चांगली खुर्ची आहे तुमची."

रकानेभाऊंनी काकांच्या समोरच ते शब्द फॉर्ममध्ये घातले. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. हा पर्याय निवडला की खालच्या सगळ्या लाल चांदण्या जातात. वस्तू कशी वाटली, काही तक्रार, पुन्हा लागेल का, यातलं काही फॉर्म पुढे विचारत नाही. नोंद आपोआप जपून ठेवतो आणि बंद होतो. मी त्याच दिवशी त्या फॉर्मला माफ केलं.

अध्यक्षांना सांगणं उरलं होतं. रकानेभाऊ आत गेले, दार उघडंच होतं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हेत, त्यांची अडचण खरी होती. अहवाल छापायला गेला होता, देणगीदारांना आकडा सांगून झाला होता, आणि गोदामाबाहेर कॉटसाठी थांबलेल्यांची रांग त्यांनाही दिसत होती. त्यांनी सांगितलं की नवा पर्याय पुढच्या वर्षापासून धरा, या वर्षीचं जसं आहे तसं राहू द्या. मग म्हणाले की तुमचाही विषय सभेत आहे, हे लक्षात असू द्या.

ताईंनी टाईप करायचं थांबवलं होतं. मला शिवणयंत्र आणि ती खिडकी दिसत होती, आणि मला वाटत होतं, घ्या हो ऐकून, कोणाचं काय बिघडतं.

"साहेब," ते म्हणाले, "आकडा तसाच ठेवला तर ही नावं बरे झालेल्यांतच राहणार. पुढच्या वर्षी माझ्या जागी जो असेल तो चाळणी लावेल आणि त्या काकांना पुन्हा फोन करून बायकोची तब्येत विचारेल. तो फोन पुन्हा जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

अध्यक्ष म्हणाले, बघतो. ते बघतो ऐकून मी ओळखलं की झालं, कायम होण्याची गोष्ट बुडाली. दुसऱ्या दिवशी रकानेभाऊंनी डबा उघडला तर भाजी आणि पोळी एकत्रच होती. मी कारण विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं की बायको म्हणाली, दुसरं घर बघू.

सभा शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. वर्षभरात वस्तू नेलेले लोकही आले होते. अध्यक्ष अहवाल घेऊन उभे राहिले. छापलेल्या आकड्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती, म्हणजे त्यांनी बघितलं होतं. बरे झालेल्यांचा खरा आकडा त्यांनी वाचला. देणगीदारांच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. मग पुढची ओळ वाचताना त्यांचा आवाज खाली आला. शेवटपर्यंत वापरलेल्या वस्तू, आणि त्यांचा आकडा. तो मोठा होता.

मागच्या रांगेतून पोस्टातले काका उठले. कोणी त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं. "आमची त्यात आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

मग एक बाई उठली, म्हणाली, माझ्या भावाची गादी त्यात आहे. भिंतीशी उभ्या असलेल्या एका माणसाने नुसता हात वर केला. आणखी दोघांनी केला. मी गोदाममामांकडे बघितलं तर ते किल्ल्या मुठीत घट्ट धरून बसले होते, वाजू नयेत म्हणून. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. "पहिल्या नंबरची कॉट माझ्या आईची," ते म्हणाले. "तीही त्यातच धरा." अहवालातलं पुढचं त्यांना वाचता येईना, ते ताईंनी वाचलं.

त्या दिवशी रकानेभाऊंचा विषय निघालाच नाही. देणग्या आल्या, थोड्या कमी आल्या, पण आल्या.

त्यानंतरच्या सोमवारी मला काही चैन पडेना. कर्मचाऱ्यांचाही एक फॉर्म आहे, त्यात तात्पुरते की कायम असा चौकोन आहे. काही बदललं का बघावं म्हणून मी रकानेभाऊंची नोंद उघडली. तात्पुरते. मी वैतागून उठले आणि चहाला गेले.

परत येते तर रकानेभाऊ खोल्याखोल्यांतून हिंडत होते. चेहरा लाल झालेला, हातात चष्मा. त्यांच्या मागोमाग अध्यक्ष दारात येऊन उभे होते. मधल्या खोलीत ताई तोंडावर पदर धरून हसत होत्या. अध्यक्षांनी आत कॉम्प्युटर उघडून स्वतःच्या हाताने तो चौकोन बदलायला घेतला होता आणि फॉर्म त्यांना बदलू देत नव्हता.

रकानेभाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"काकू," ते म्हणाले, "मला कोणी उघडून ठेवलं आहे?"